वर्ज्य फटका

विटी-दांडूचा खेळ आता करकंबसारख्या गावातही फारसा दिसत नाही. पण ज्यांनी तो खेळला आहे त्यांना 'वकट, लेंड, मूंड, नाल' ही मोजणी विसरता येणार नाही. पुढची नावे गावागणिक बदलतात. पहिली चार मात्र बहुतेक महाराष्ट्रात सारखी आहेत. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या संख्यावाचकांशी त्यांचे नाते इतके उघड आहे की सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला ते कोणी समजावून सांगावे लागत नाही. या मोजणीचा खेळात एक विलक्षण नियम आहे. टोलवलेली विटी जिथे पडते तिथपासून गल्लीपर्यंतचे अंतर दांडूने मोजायचे आणि ज्या नावावर मोजणी संपेल त्या नावाचा टोला पुढे मारायचा. कधी पायावरून, कधी मुठीवरून, कधी डोळ्यावर विटी ठेवून. कोणता टोला मारायचा हे खेळणारा ठरवत नाही, जमिनीवरचे अंतर ठरवते. ज्याला डोळ्यावरचा टोला साधत नाही त्याची त्यातून सुटका नसते. आज ना उद्या मोजणी त्या नावावर येऊन थांबतेच.

हा नियम आठवण्याचे कारण असे की ज्या खेळांची आज जगभर चर्चा होते त्यांत तो नाही. क्रिकेटमध्ये अमुक एक फटका मारलाच पाहिजे अशी सक्ती नाही. गोल्फमध्ये तर आपल्याला न साधणारी काठी पिशवीत न ठेवण्याची मोकळीक आहे. आणि जिथे मोकळीक असते तिथे एक जुना प्रश्न उभा राहतो. हातातले एखादे साधन वळत नसेल, ते आपल्यावरच उलटत असेल, तर माणसाने काय करावे? सराव करून ते वश करावे, ते टाकून दुसरे घ्यावे, की जवळ ठेवूनही वापरू नये?

तिसऱ्या पर्यायाचे आपल्या परिचयाचे सर्वांत ठळक उदाहरण जानेवारी २००४ मध्ये सिडनीच्या मैदानावर घडले, आणि ते घडवणारा एका मराठी कवीचा, मराठीच्या प्राध्यापकाचा मुलगा होता. त्या डावाकडे वळण्याआधी मात्र गोल्फच्या पिशवीत थोडे डोकावले पाहिजे, कारण न साधणाऱ्या साधनाचा इतिहास त्या खेळाने जितका नीट जपला आहे तितका अन्य कोणी क्वचितच.

गोल्फ हा आपला खेळ नव्हे, हे मान्यच. कलकत्त्यात १८२९ साली स्थापन झालेला गोल्फ क्लब हा ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना मानला जातो. आपल्याकडे पुण्यात येरवड्याला आणि मुंबईत चेंबूरला गोल्फची मैदाने आहेत. पण मराठी साहित्यात गोल्फ शोधू गेल्यास साहेबाच्या बंगल्यामागच्या हिरवळीपलीकडे फारसे काही हाती लागू नये. आपल्या विवेचनासाठी या खेळातल्या दोन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली अशी की प्रत्येक अंतरासाठी वेगळी काठी असते. पूर्वी या काठ्यांना क्लीक, मॅशी, निब्लिक अशी स्कॉटिश नावे होती. १९२० नंतरच्या काळात पोलादी दांड्याच्या, एका मापाच्या संचातल्या काठ्या येऊ लागल्या आणि नावे जाऊन क्रमांक आले. दुसरी गोष्ट म्हणजे या काठ्यांच्या संख्येला मर्यादा आहे. एकेकाळी व्यावसायिक खेळाडू वीस-पंचवीस काठ्या घेऊन मैदानात उतरत आणि त्यांचे ओझे वाहणारा कॅडी मेटाकुटीला येई. अमेरिकेतल्या संघटनेने १९३८ मध्ये आणि ब्रिटनमधल्या संस्थेने त्याच्या पुढच्या वर्षी चौदा काठ्यांचा नियम केला. तेव्हापासून एक काठी घ्यायची म्हणजे दुसरी ठेवायची, असा प्रत्येक खेळाडूपुढचा हिशेब झाला.

या हिशेबात सगळ्यांत अवघड बाब होती ती एक क्रमांकाची लोखंडी काठी, 'वन आयर्न'. गोल्फच्या काठीचे पाते किती कललेले आहे यावर चेंडू किती उंच जाणार हे ठरते. नऊ क्रमांकाच्या काठीचे पाते चाळीस अंशांच्याही पुढे कललेले असते. चेंडू आपसूक वर उठतो आणि अलगद खाली येतो. एक क्रमांकाच्या काठीचा कल जेमतेम सोळा-सतरा अंश. दांडा लांब, पाते पातळ, आणि चेंडू नेमका जिथे बसला पाहिजे ती जागा नाण्याएवढी. चेंडू उचलायचा तर हात अतिशय वेगाने फिरावे लागतात. ज्याच्या हातात तो वेग नाही तो नकळत चेंडूखाली पाते घालून त्याला उचलू बघतो, आणि नेमके तेव्हाच पाते जमिनीत तरी रुतते, नाहीतर चेंडूच्या डोक्यावर आदळते. म्हणजे काठीवरचा अविश्वासच तिला निकामी करतो. चेंडू उठणार नाही या भीतीने जे केले जाते त्यामुळेच तो उठत नाही. ली ट्रेविनो या अमेरिकन खेळाडूवर १९७५ मध्ये एका स्पर्धेत खरोखरच वीज पडली होती. त्यातून वाचल्यावर तो गमतीने सांगत असे की वादळात सापडलात तर वन आयर्न डोक्यावर धरून उभे राहा, कारण ती काठी देवालासुद्धा मारता येत नाही.

देवाला येत नसली तरी बेन होगनला येत होती. होगन हा सरावाचा माणूस. गोल्फमध्ये सरावालाच प्रतिष्ठा मिळवून देणारा असे त्याचे वर्णन केले जाते. फेब्रुवारी १९४९ मध्ये टेक्सासमध्ये त्याच्या मोटारीवर समोरून आलेली बस आदळली. कमरेचे हाड, गळपट्टीचे हाड, घोटा, सगळे मोडले. तो पुन्हा चालू शकेल का, याबद्दलच डॉक्टर साशंक होते. सोळा महिन्यांनी, जून १९५० मध्ये, तो मेरियनच्या मैदानावर अमेरिकन ओपन खेळत होता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या दिवशी छत्तीस होल खेळायचे असत. पाय बांधलेले, चालताना वेदना. अखेरच्या होलवर, दोनशेहून अधिक यार्डांवरून, त्याने वन आयर्न काढली आणि चेंडू हिरवळीवर नेऊन ठेवला. हाय पेस्किन या छायाचित्रकाराने पाठीमागून टिपलेला तो क्षण गोल्फमधले सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र ठरला. होगनने बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत ६९ फटक्यांत स्पर्धा जिंकली.

या प्रसंगाची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. चौदाच्या मर्यादेत वन आयर्नला जागा करून देण्यासाठी होगनने सात क्रमांकाची काठी घरी ठेवली होती. त्याचे कारण त्याने एका वाक्यात दिले होते, आणि त्याचा आशय असा की या मैदानावर त्या काठीचे कामच नाही. सात क्रमांकाची काठी ही सोपी आणि सर्वांना वळणारी. अवघड काठी ठेवून सोपी वगळण्यामागे मैदानाचे नेमके वाचन होते. वगळणे म्हणजे नेहमी कमकुवत भागच कापणे नसते, याची ही एक नोंद.

होगननंतर जॅक निक्लसने ही काठी गाजवली. १९७२ मध्ये पेबल बीचवर, समुद्रावरून वाहणाऱ्या वाऱ्यात, सतराव्या होलवर त्याने वन आयर्नने मारलेला चेंडू थेट झेंड्याच्या काठीला लागला होता. पण निक्लसला जे जमते ते रविवारी खेळणाऱ्या दंतवैद्याला जमत नाही, आणि काठ्या विकत घेतो तो दंतवैद्य. विसावे शतक संपता संपता कारखानदारांनी 'हायब्रिड' नावाची काठी आणली. तिचे डोके लाकडी काठीसारखे फुगीर, वजन खाली आणि मागे सरकवलेले, त्यामुळे सुमार फटक्यानेही चेंडू उठतो. टॉड हॅमिल्टनने जुलै २००४ मध्ये ट्रूनला ब्रिटिश ओपन जिंकली ती हायब्रिडने चेंडू हिरवळीवर सरपटवत नेऊन. यांग याँग-अन या कोरियन खेळाडूने २००९ मध्ये टायगर वुड्सला अखेरच्या होलवर नमवले तेही त्याच काठीने दोनशेहून अधिक यार्डांवरून मारलेल्या फटक्यामुळे. लांब पल्ल्याच्या लोखंडी काठ्या आजही काही व्यावसायिकांच्या पिशवीत असतात, पण वन आयर्न सर्वसाधारण संचातून जवळजवळ नाहीशी झाली. तिच्याबरोबर एक विशिष्ट प्रकारचा फटकाही गेला. वाऱ्याखालून, जमिनीला धरून, टोकाशी किंचित वर उचलला जाणारा. मला यात खंत करण्यासारखे फार काही दिसत नाही. वृत्ते अशीच गेली. सोपा पर्याय मिळाल्यावर अवघड साधन मागे पडते, आणि काही दशकांनी फक्त अभ्यासकांना त्याची चाल म्हणता येते.

होगनचा सराव आणि हायब्रिडचा पर्याय, या दोन्ही वाटा समजायला सोप्या आहेत. सिडनीत जे झाले ते या दोहोंत बसत नाही.

२००३-०४ चा भारतीय संघाचा ऑस्ट्रेलिया दौरा ज्यांनी पहाटे उठून पाहिला त्यांना त्याचे तपशील सांगण्याची गरज नाही. ब्रिस्बेनची कसोटी अनिर्णित राहिली. ॲडलेडला राहुल द्रविडच्या २३३ आणि नाबाद ७२ धावांच्या बळावर भारताने सामना जिंकला. मेलबर्नला सेहवागच्या १९५ धावांनंतरही भारत हरला. मालिका १-१. या तीन सामन्यांत सचिन तेंडुलकरच्या पाच डावांतल्या धावा अशा : ०, १, ३७, ०, ४४. एकूण ८२. तो तेव्हा तीस वर्षांचा होता, आणि दर डावानंतर 'संपला का?' हा प्रश्न वर्तमानपत्रांतून विचारला जात होता.

प्रचलित कथा अशी : तेंडुलकर ऑफ यष्टीबाहेरच्या चेंडूवर कव्हर ड्राइव्ह मारताना पुन:पुन्हा बाद होत होता, म्हणून त्याने सिडनीत तो फटका सोडला. कथा सुबक आहे. धावफलक तितका सुबक नाही. ब्रिस्बेनचे शून्य चेंडू सोडताना आले होते. गिलेस्पीच्या चेंडूवर बॅट न लावता तो पायचीत दिला गेला आणि तो निर्णय चुकीचा असल्याचे चित्रफितीत सर्वांनी पाहिले. मेलबर्नचे शून्य लेग बाजूला जाणाऱ्या चेंडूला नुसता स्पर्श झाल्याने आले. पहिल्याच चेंडूवर यष्टिरक्षकाकडे झेल. ॲडलेडच्या दुसऱ्या डावात लेगस्पिनर मॅकगिलने त्याला पायचीत केले. ॲडलेडच्या पहिल्या डावातली एक धाव मात्र कथेत चपखल बसणारी आहे. बिकेलचा चेंडू ऑफ यष्टीच्या बराच बाहेर, सोडून देता आला असता असा, आणि त्यावर बॅट टाकलेली. मेलबर्नच्या दुसऱ्या डावात ४४ वर पुन्हा यष्टिरक्षकाच्या हाती. म्हणजे पाचपैकी एकदा चेंडू सोडल्याने आणि एकदा लेग बाजूच्या चेंडूने घात केला होता. तरी त्याने सिडनीत नेमके हेच दोन मार्ग धरले. चेंडू सोडायचे, आणि धावा लेग बाजूला काढायच्या.

इतिहासाच्या दृष्टीने मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. कव्हर ड्राइव्हवर फुली मारली गेली ती आकडेवारीचा निष्कर्ष म्हणून नव्हे. त्याच्या आत्मचरित्रात याचा उलगडा आहे. मेलबर्ननंतर मोठा भाऊ अजित याच्याशी झालेल्या बोलण्यात दोष तंत्राचा नसून फटक्याच्या निवडीचा, म्हणजे मनाचा आहे, असे निदान निघाले. आणि सिडनीत दोन्ही डावांत नाबाद राहून दाखव, असे आव्हान अजितने दिले. निदान तंत्राचे असते तर उपाय जाळ्यातल्या सरावाचा झाला असता. ते मनाचे होते, म्हणून उपाय व्रताचा झाला. व्रत हा शब्द मी जाणून वापरतो. वर्षभर वांगे न खाणाऱ्याला वांगे आवडत नसते असे नाही. आवडते म्हणूनच त्याच्या न खाण्याला अर्थ असतो. सामना चालू असताना रोज त्याच उपाहारगृहात, त्याच खुर्चीवर बसून तेच पदार्थ खाल्ल्याचेही त्याने लिहिले आहे. आपल्या घरातल्या चातुर्मासाशी याचे नाते ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही.

२ जानेवारी २००४. स्टीव्ह वॉचा हा अखेरचा कसोटी सामना, त्यामुळे मैदान लाल रुमालांनी भरलेले. चोप्रा आणि सेहवाग यांनी १२३ धावांची सलामी दिली. दोन बाद १२८ वर तेंडुलकर आला. ऑस्ट्रेलियाच्या संघात मॅकग्रा आणि वॉर्न नव्हते आणि खेळपट्टी फलंदाजाला अनुकूल होती, हे मान्य करूनच पुढचे वाचावे. ब्रेट ली, गिलेस्पी आणि डावखुरा ब्रॅकन यांनी चेंडू ऑफ यष्टीच्या बाहेर टाकायचे आणि कव्हरचा प्रदेश मोहात पाडण्याइतका मोकळा ठेवायचा, असा बेत केला होता. चेंडू येत होते. बॅट वर जात होती आणि तिथेच राहत होती. पहिल्या दिवसअखेर भारत तीन बाद २८४, तेंडुलकर नाबाद ७३. दुसऱ्या दिवसअखेर पाच बाद ६५०, तेंडुलकर नाबाद २२०. दिवसभरात १४७ धावा काढणाऱ्याला कंटाळवाणा म्हणता येत नाही. बाहेर टाकून काही होत नाही हे उमगल्यावर गोलंदाज यष्टींच्या रेषेत येऊ लागले आणि तिथे लेग बाजूचा दरवाजा उघडा होता. त्याच्या २४१ धावांपैकी १८८ धावा लेग बाजूला आल्या, तेहतीस चौकारांपैकी अठ्ठावीस तिकडे. म्हणजे ऑफ बाजूलाही त्रेपन्न धावा होत्याच. ती बाजू त्याने सोडली नव्हती. त्या बाजूचा एक फटका सोडला होता, आणि तो त्याचा सर्वांत देखणा फटका होता.

चारशे छत्तीस चेंडू, सहाशे तेरा मिनिटे. दहा तासांहून अधिक काळ एखादी गोष्ट न करणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. एकदा नाही म्हणणे सोपे आहे. इथे दर काही मिनिटांनी तेच आमिष पुढे येत होते आणि दर वेळी नव्याने नाही म्हणायचे होते. त्यातून समोरच्या टोकाला लक्ष्मण होता. त्या दोघांनी ३५३ धावांची भागीदारी केली, आणि लक्ष्मणच्या १७८ मध्ये ते सगळे फटके होते जे या टोकाला वर्ज्य होते. त्याच्या ड्राइव्हवर मैदान डोलत होते. उपास करणाऱ्याने पंक्तीत वाढपी म्हणून फिरावे, तसा हा प्रकार.

या डावाबद्दल जाणकारांत मतभेद आहेत आणि ते असणे योग्यच आहे. काहींना त्यात फलंदाजाची परिपक्वता दिसते. काहींना ती एका प्रतिभावंताने स्वत:वर लादलेली कैद वाटते. ज्या सौंदर्यासाठी त्याला पाहायचे तेच त्याने काढून टाकले, मग उरले काय, धावाच ना? साहित्याच्या विद्यार्थ्याला हा वाद ओळखीचा वाटेल. आपल्याकडे वगळण्याची एक मोठी परंपरा आहे. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात. गायकाला ते लागत नाहीत म्हणून नव्हे, ते लावले तर भूप राहत नाही म्हणून. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून 'निरोष्ठ रामायण' रचले. ओठ न मिटता रामकथा सांगायची, म्हणजे प-वर्ग गेला आणि त्याबरोबर खुद्द 'राम' हा शब्दही गेला. बारामतीच्या पंडिताने हे केले ते सामर्थ्य दाखवण्यासाठी, आणि आपण त्याला चमत्कृती म्हणून थोडे बाजूला ठेवतो. सिडनीच्या डावाला निव्वळ अशी चमत्कृती मानली तर त्याला कैद म्हणणाऱ्यांचा आक्षेप बरोबर ठरतो.

पण मोरोपंतांच्या कित्येक शतके आधी दंडीने हीच युक्ती वेगळ्या कारणाने वापरली होती. 'दशकुमारचरिता'च्या सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्ताला आपली कथा सांगायची आहे. पण प्रेयसीच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखावलेले आहेत, ते मिटता येत नाहीत. म्हणून तो संपूर्ण कथा ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो. शब्दांचे बंधन तेच, पण इथे त्याला जखमेचे कारण आहे. ओठ बरे होईपर्यंत तो थांबत नाही आणि दुखावलेले अक्षर ओढूनताणून उच्चारतही नाही. आहे त्या वर्णांत कथा पुरी करतो. सिडनीतला तेंडुलकर मला मोरोपंतांपेक्षा या मंत्रगुप्ताच्या जवळचा वाटतो. त्या महिन्यात त्याचा एक वर्ण दुखावला होता. त्याने तो बदलला नाही की शब्दकोशातून काढून टाकला नाही. कथा मात्र त्याला त्याच दिवशी सांगायची होती.

अर्थात, असे वगळणे कोणालाही परवडते असे नाही. मंत्रगुप्ताच्या मागे दंडीचा शब्दसंग्रह होता. ज्याच्याकडे लेग बाजूला मनगटाचे इतके फटके नाहीत त्याने कव्हर ड्राइव्ह सोडला तर तो फक्त कमी धावा करील. वर्गात आम्ही मुलांना सांगतो की जे जमत नाही त्याचा सराव करा, आणि दहापैकी नऊ मुलांना तेच सांगायला हवे. ज्याला विधानार्थी वाक्यही धड लिहिता येत नाही त्याने उपमा वर्ज्य करून काही साधत नाही. पण दहावा विद्यार्थीही असतो. चांगले लिहिणारा, एका लकबीच्या आहारी गेलेला. त्याला सरावाचा सल्ला दिला तर तो तीच लकब आणखी घोटतो. अशा मुलाला 'पुढचे दोन निबंध एकही विशेषण न वापरता लिही' असे सांगून पाहिले आहे. पहिला निबंध कोरडा येतो. दुसऱ्यात क्रियापदे काम करू लागलेली दिसतात. विशेषणे नंतर परत येतातच, पण विचारून येतात.

रमेश तेंडुलकर मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवीत. कवी आणि समीक्षक म्हणून त्यांचे नाव आपल्या वर्तुळात मुलाच्या कीर्तीपूर्वीपासून होते. मे १९९९ मध्ये, विश्वचषक स्पर्धा चालू असताना, ते गेले. मुलगा इंग्लंडहून घरी येऊन परत गेला आणि ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० धावा केल्या. सिडनीचा डाव त्यांनी पाहिला नाही. पाहिला असता तर तो त्यांना वृत्तबद्ध वाटला असता की मुक्तछंद, असला तर्क करण्याचा मोह होतो. पण ज्या डावाबद्दल लिहितो आहोत त्याचा मान राखून तो मोह आवरलेला बरा.

भारताने सात बाद ७०५ वर डाव घोषित केला तेव्हा तेंडुलकर २४१ वर नाबाद होता. तोवरची ती त्याची सर्वोच्च कसोटी धावसंख्या होती. कुंबळेने पहिल्या डावात आठ बळी घेतले. दुसऱ्या डावात तेंडुलकर पुन्हा नाबाद राहिला, ६० वर. ऑस्ट्रेलियापुढे ४४३ धावांचे लक्ष्य होते. वॉने आपल्या शेवटच्या डावात ८० धावा काढल्या, ऑस्ट्रेलिया सहा बाद ३५७ वर थांबला, सामना आणि मालिका दोन्ही बरोबरीत सुटली. भारताने डाव आणखी लवकर घोषित करायला हवा होता असे म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. भावाचे आव्हान पुरे झाले, सामना जिंकता आला नाही.

पुढची कसोटी मार्चअखेर मुलतानला. तिथे तो १९४ वर खेळत असताना द्रविडने डाव घोषित केला, त्यावर आपल्याकडे चहाच्या टपरीपासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत भांडणे झाली, आणि त्या गदारोळात तो सलग तिसऱ्यांदा नाबाद राहिला आहे इकडे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यानंतर लाहोरला तो दोन धावांवर बाद झाला. मेलबर्न आणि लाहोर इथे बाद होण्याच्या मधल्या काळात त्याच्या ४९७ धावा झाल्या होत्या. दोनदा बाद होण्याच्या दरम्यान कसोटीत यापेक्षा जास्त धावा कोणीही केल्या नव्हत्या. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲडम व्होजेसने ६१४ धावा करून तो आकडा मागे टाकला.